मदत हवी आहे : संगीत आणि चित्रकलेविषयी इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) नेमके काय सांगते?

संगीताविषयीच्या इस्लामी मतभेदांचा मी काही महिने अभ्यास करत आहे आणि एका जागी अडलो आहे. कुराणातील सूरह लुकमानच्या ६व्या आयतीतील ‘लह्व अल्-हदीस’ (शब्दशः, मन रमवणारे बोलणे) या शब्दांचा अर्थ पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद यांनी गायन असा लावला, आणि पुढे धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनीही संगीताविरुद्ध कठोर भूमिका घेतली. याउलट धर्मपंडित इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी वाद्यांना निषिद्ध ठरवणाऱ्या हदीसच (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) प्रमाणभूत मानल्या नाहीत, तर धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘समाअ’चा (गायन-संगीत ऐकण्याचा) विचार करताना ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीलाही महत्त्व दिले, आणि हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ईदच्या दिवशी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांच्या घरी दोन मुली गात असताना आयशांचे वडील अबू बक्र यांनी त्यांना हटकले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना गाऊ द्यावे असे सांगितले, ही ‘बुखारी’ या हदीस-संग्रहातील हदीस दोन्ही पक्ष उद्धृत करतात. मात्र एक पक्ष तिला सणापुरती सवलत मानतो आणि दुसरा मूळ परवानगीचा पुरावा.

या दोन अर्थांपैकी एकाची निवड उसूल-ए-फिक्हच्या (फिक्हचे निर्णय काढण्याच्या तत्त्वांच्या) कोणत्या नियमाने होते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. सजीवांच्या चित्रांवरील निषेध छायाचित्राला लागू करताना हाच नियम वापरला जातो का, हेही मला जाणून घ्यायचे आहे. केवळ हलाल किंवा हराम असा निर्णय नको, त्यामागील युक्तिवाद हवा आहे.