अंधेरीचा गोखले पूल: तुमच्या आठवणी सांगा

ओसरी:
काल आईकडून निघाले, रिक्षा गोखले पुलावरून तेली गल्लीत उतरली. घरी येऊन डबा उघडला तर भरल्या वांग्यातून अजून वाफ येत होती. तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले थोडा वेळ.

आई पश्चिमेला, मी पूर्वेला. मध्ये फक्त रूळ. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला आणि रिक्षाने रुळांखालच्या सबवेतून जायचं तर पाऊण तास सहज मोडायला लागला. मग आईनेच मार्ग काढला. दर गुरुवारी ती स्टेशनच्या पादचारी पुलावर तिच्या बाजूने चढायची, मी माझ्या. मधोमध कठड्याशी भेटायचो. ती भरलेला डबा द्यायची, मी मागच्या खेपेचा रिकामा. लोकांचे धक्के खात दहा मिनिटं बोलायचो, खालून फास्ट धडधडत गेली की वाक्य अर्धंच राहायचं. तिचे गुडघे दुखतात. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

२६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली, ११ मे २०२५ ला अख्खा पूल. आता मीच जाते तिच्याकडे. पण काल ती वाफ बघून ते सगळे गुरुवार आठवले. तुम्ही कसे दिवस काढलेत? मनापासून ऐकायचंय.

शमी:
डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्याकडे बाबांचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा पूर्वेकडून पश्चिमेला, पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून वळसा घालून. येताना बाबा रिक्षात डोळे मिटून बसायचे आणि प्रत्येक सिग्नलला विचारायचे, "आलं का?" कुकर लावलाय, येते परत

रुळांपलीकडे:
माझी त्याआधीची. ३ जुलै २०१८, सकाळची वेळ, मुसळधार पाऊस. पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मी जोगेश्वरीच्या अलीकडे गाडीत अडकलेलो. लोकांचे फोन वाजायला लागले तेव्हा कळलं. एका मोटरमनने ब्रेक दाबून लोकल वेळेत थांबवली होती, त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात हात जोडतो. तेव्हापासून पुलाखालून जाताना आपोआप वर बघतो. नवीन पूल झाला तरी सवय गेलेली नाही

आडवाट:
मीपण बघते!! मला वाटलं मी एकटीच

बोल्टनट:
पश्चिमेकडून गोखले पुलाला येऊन मिळणाऱ्या बर्फीवाला पुलाबद्दल लिहायलाच हवं. नवा गोखले पूल रेल्वेच्या नियमांमुळे आधीपेक्षा उंच झाला आणि बर्फीवाला उड्डाणपुलाचं टोक खाली राहिलं. तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे फिरले. पण पुढचं काम किती जणांनी पाहिलं? पूल न पाडता गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, जॅक लावून वर घेतला. एका बाजूला १३९७ मिमी, दुसऱ्या बाजूला ६५० मिमी. व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजचा सल्ला होता. जॅकने जरासं उचलायचं, खाली पॅकिंग सरकवायचं, मग परत जरासं. दोन्ही बाजू सारख्या नाही उचलायच्या म्हणजे तर फारच सांभाळून, एक कोपरा पुढे गेला तर काँक्रीटला तडे. ४ जुलै २०२४ ला जोड वाहतुकीला खुला झाला. आता त्या जोडावरून चाक जातं तेव्हा मी बायकोला दर वेळी सांगतो, हे बघ, इथे उचललाय. तीही दर वेळी ऐकून घेते.

निळीछत्री:
सबवेचं नाव काढलंत म्हणून. पाणी भरायला लागलं होतं, मला वाटलं निघेन. मधोमध स्कूटर बंद. दप्तरं डोक्यावर घेतलेली दोन शाळकरी मुलं आली, न बोलता मागून ढकलायला लागली. वर आल्यावर मी सायलेन्सरमधलं पाणी बघत बसले आणि ती निघून गेली. नावं विचारायची राहिली, ती रुखरुख आहे.

आडवाट:
आम्ही मेट्रो धरली. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे ते आझाद नगर, मध्ये फक्त अंधेरी. लेकीला खिडकीची एवढी सवय झाली की आता पूल आहे तरी मेट्रोच हवी असते

शमी:
आले. ओसरी, वांगी काळ्या मसाल्याची की गोड्या?

ओसरी:
गोडा मसाला, दाण्याचं कूट, चिंचगूळ. शमी, बाबा कसे आहेत आता?

शमी:
आहेत गं, चालू आहे. एक बाजू सुरू झाली त्याच आठवड्यात पुलावरून आणलं त्यांना. नेहमीसारखे डोळे मिटून बसलेले. रिक्षा दारात थांबली तरी उठेनात, त्यांना वाटलं सिग्नल आहे. मी म्हटलं, बाबा उतरा, घर आलं.

रुळांपलीकडे:
🙏

निळीछत्री:
बाबांना नमस्कार सांग शमी. ओसरी, कूट भाजलेल्या दाण्यांचं ना?

ओसरी:
हो, भाजून, सालं काढून, जरा भरडच ठेवायचं. मसाल्याचं प्रमाण गुरुवारी आईला विचारून टाकते