पोस्ट-रॉकची सुरुवात क्रेसेंडोवाल्या बँडपासून करू नका

खर्जवाला

"पोस्ट-रॉक ऐकायचंय, कुठून सुरू करू?" असं कुणी विचारलं की ठरलेली यादी तोंडावर फेकली जाते. एक्स्प्लोजन्स इन द स्काय, मोनो, धिस विल डिस्ट्रॉय यू, हिंमत असेल तर गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर. ऐकणारा पंधरा दिवस हरखतो. मग त्याच्या लक्षात येतं की स्वच्छ गिटारवर चार सुरांची धून, मग डिले (सूर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारा इफेक्ट), मग ड्रम्स, मग डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या, खरखरीत आवाजाचा) लोंढा, हा साचा काही बदलत नाही. "कळलं, आधी हळू आणि मग जोरात" म्हणून तो अख्खा प्रकारच गुंडाळून ठेवतो.

मूळ व्याख्येत हे चढणं, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा क्रेसेंडो, कुठेच नव्हतं. संगीत समीक्षक सायमन रेनल्ड्सने मार्च 1994 च्या 'मोजो' मासिकात बार्क सायकोसिस या बँडच्या 'हेक्स' अल्बमबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. पुढे त्याने तो 'द वायर'मध्ये उलगडला. मुद्दा असा, की वाद्यं रॉकची पण काम रॉकचं नाही. गिटार रिफसाठी (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठसठशीत धुनेसाठी) नाही, नादाच्या पोतासाठी. आवाज वाढत गेलाच पाहिजे अशी अट नाही.

त्यामुळे माझा क्रम उलटा आहे. आधी नॉय! या जर्मन जोडीचं 1972 मधलं 'हालोगालो'. दहा मिनिटं, क्लाउस डिंगरचा एकच सरळ चार-मात्रांचा ठेका, कुठेही चढण नाही. मग टॉक टॉकच्या 'स्पिरिट ऑफ ईडन' (1988) मधली पहिली तीन गाणी, सलग, कारण ती एकमेकांत वाहतात. मग स्लिंटचं 'स्पायडरलँड' (1991). शेवटी टॉर्टॉइजचं 'जेड' (1996), वीस मिनिटांहून मोठं. एवढं झाल्यावर क्रेसेंडोवाले खुशाल ऐका.

---

उंबरठा

खर्जवाले, ही यादी आधीच पोस्ट-रॉक आवडणाऱ्यासाठी आहे. नवख्याला 'स्पिरिट ऑफ ईडन' दिलंत तर सुरुवातीला तो फोन तपासेल, प्लेअर चालू आहे की नाही म्हणून.

गाण्यातून शब्द काढले की कडवं आणि धृपदही जातं, आणि बहुतेकांचा कान त्याच खुंटीवर गाणं टांगून ठेवतो. क्रेसेंडो ती दुसरी खुंटी देतो: आपण कुठे आहोत, कुठे निघालोय, किती उरलंय. शब्दांवाचून दहा मिनिटं बसायची सवय आधी लागू द्या, पोताचे बारकावे मग कळतील.

आणि "साचा बदलत नाही" हे सरसकट विधान झालं. एक्स्प्लोजन्स इन द स्कायच्या 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' (2003) मधलं शेवटचं 'युअर हँड इन माइन' घ्या. आठ मिनिटांच्या वर आहे. तिथे खरा खेळ गिटारच्या गुंफणीचा आहे, स्फोटाचा नाही. नवख्याला एवढंच सांगायचं: पहिल्यांदा धून ऐकू नकोस, कोणता थर कधी आत आला आणि कधी गेला ते ऐक. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स ऐक. एका गाण्यात जे हाती लागतं ते तुमच्या 'हालोगालो'त लागायला आठवडा जाईल.

---

डेसिबल

दोघांच्याही याद्या ठीक. पण कंटाळणाऱ्यांपैकी बरेचजण संगीताला कंटाळत नाहीत, सेटिंगने मार खातात. भांडणाआधी हे तपासा.

क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद करा. गाणी जोडलेल्या अल्बममध्ये पाच सेकंदांचा क्रॉसफेड जोडणीच खाऊन टाकतो. "शांतता वगळा" असा पर्याय असेल तर तोही बंद. सिगुर रोसच्या 2002 च्या कंसवाल्या, शीर्षकहीन अल्बममध्ये चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये 36 सेकंदांची शांतता मुद्दाम ठेवली आहे. अल्बमचे दोन अर्ध त्यानेच वेगळे पडतात.

आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन 'गाणं' मोडवर असेल तर हळू वाजवलेला तुकडाही शेजारच्या गडगडाटाइतका वर ओढला जातो. 'अल्बम' मोड असेल तर तो ठेवा, नसेल तर पूर्ण बंद करा.

आवाजाची पातळी सगळ्यात जोरदार जागेवर ठरवा, सुरुवातीवर नाही. हिशोब साधा आहे. शिखर 85 डेसिबलवर बेतलं आणि शांत भाग 20 डेसिबल खाली असला, तर तो 65 वर येतो. रहदारीत किंवा इंजिनाच्या घरघरीत तो बुडतो, माणूस आवाज वाढवतो, आणि सातव्या मिनिटाला कानठळ्या बसतात. हे संगीत प्रवासात ऐकायचं नाही. ऐकायचंच तर कानात घट्ट बसणारे इअरफोन हवेत.

---

रिव्हर्बग्रस्त

वाजवणाऱ्यांच्या बाजूने थोडं. क्रेसेंडो सोपा आहे असा सूर इथे दिसतोय. तो वाजवायला सोपा वाटतो म्हणूनच बिघडतो, आणि कुठे बिघडतो ते ठरलेलं आहे.

पहिलं, जागाच ठेवलेली नसते. मिक्समध्ये शांत भाग आधीच वर आणून बसवला, वर मास्टरिंगमध्ये (शेवटच्या प्रक्रियेत) लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, दाबून लावला, की शिखराला चढायला काही उरत नाही. लाट आकाराने मोठी दिसते, आवाज तेवढाच राहतो.

दुसरं, तिन्ही गिटार एकाच सप्तकात. प्रत्येकाला मधल्या पट्ट्यातच वाजवायचं असतं, मग डिस्टॉर्शन लागलं की चिखल. एकाने खाली दोन सुरांचा ड्रोन (सतत धरून ठेवलेला नाद) धरावा, दुसऱ्याने मधल्या धुनेवर राहावं, तिसऱ्याने बाराव्या पट्टीच्या वर जाऊन ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर भरभर छेडणं) करावं. मिक्समध्ये गिटारांचा 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापला की बास आणि किक ड्रम श्वास घेतात.

तिसरं, आणि सगळ्यात दुर्लक्षित: डिले आणि ड्रमर यांची ताटातूट. 60,000 ला टेम्पोने (मिनिटातल्या मात्रांनी) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. टेम्पो 96 असेल तर 625, आणि पाऊण मात्रेचा डिले 469. आता क्रेसेंडोत ड्रमर चढतो, कुणाच्या लक्षात येण्याआधी टेम्पो 100 होतो. पाऊण मात्रा आता 450 हवी, पेडल मात्र 469 वरच. पहिला प्रतिध्वनी 19 मिलिसेकंद उशिरा, दुसरा 38, तिसरा 57. नेमकं सगळं एकत्र कोसळायला हवं त्याच क्षणी गिटार फेसाळते, आणि लोक दोष रिव्हर्बला (घुमण्याचा भास देणाऱ्या इफेक्टला) देतात. ड्रमरच्या कानात क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) द्या. ते नको असेल तर टॅप-टेम्पोचं पेडल घ्या आणि चढणीत दोनदा पाय मारा. तेही नको असेल तर शिखराला डिलेचा मिक्स खाली आणा, तिथे त्याची गरजच नसते.

पेडलांच्या क्रमाबद्दल: ओव्हरड्राइव्ह आधी, मग डिले, रिव्हर्ब शेवटी. उलट लावलं तर रिव्हर्बची शेपटीच डिस्टॉर्शनमध्ये दाबली जाऊन वर येते आणि सूर ओळखू येत नाही. शूगेझवाले (गिटारांचा धूसर गोंगाट करणारे बँड) हे मुद्दाम करतात, तो वेगळा विषय.

---

खर्जवाला

रिव्हर्बग्रस्त, तपशील कडक, पण त्याने माझाच मुद्दा बळकट होतो. एवढी सगळी कारागिरी एकाच आकारासाठी? चढण हा एकच मार्ग का?

स्लिंट बघा. तिथे चढण नाही, पायरी आहे. कुजबुजतं बोलणं आणि किरटी गिटार, आणि पुढच्याच मात्रेला भिंत. मॉगवाई या बँडने हे तिथूनच उचललं. त्यांच्या 1997 च्या 'यंग टीम' मधल्या 'लाइक हेरोड'चं आधीचं नावच 'स्लिंट' होतं. मिनिटांची पूर्वसूचना देणारा क्रेसेंडो कधी दचकवत नाही, पायरी दचकवते.

टॉर्टॉइजकडे तर जोराचा प्रश्नच नाही. बास, व्हायब्राफोन, मरिंबा, आणि वाजवून झाल्यावर टेपची कापाकापी. 'जेड' अर्ध्याच्या पुढे गेल्यावर टेप तुटल्यासारखी अडखळते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फाइल खराब आहे असंच वाटतं, आणि तुकडा त्या अडखळण्यातून दुसऱ्याच जागी निघतो. स्टुडिओ हेच वाद्य. टॉक टॉकनेही तासन्‌तास मोकळं वाजवून घेऊन त्यातून वेचून अल्बम रचला. नवख्याला हे आधी दाखवलं तर पुढे त्याला कुठलाच साचा नियम वाटणार नाही.

---

सातमात्रा

तुम्ही दोघं एकाच गल्लीतल्या दोन टोकांवरून ओरडताय. आजूबाजूची घरं बघा की.

ज्याला ताल मोजायला आवडतो त्याला मॅथ रॉककडे न्या, डॉन कॅबलेरो किंवा बॅटल्स. तिथे बांधणी आवाजाने नाही, मात्रांच्या फरकाने होते. सातची गिटार आणि चारचा ड्रम एकदम सुरू झाले की 28 मात्रांनी पुन्हा समेवर भेटतात. ते एकदा बोटांवर मोजलं की कान आपोआप पुढचं शोधतो.

ज्याला चढ नको आणि मोजणीही नको, त्याच्यासाठी अर्थ (Earth) या बँडचा 'अर्थ 2' (1993). तीन तुकडे, मिळून तासाच्या वर, जवळजवळ फक्त गिटार आणि बासचा संथ ड्रोन. हा इअरफोनवर ऐकू नका. स्पीकरवर लावा आणि खोलीत चार पावलं चाला. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे काही स्वर एका कोपऱ्यात फुगतात आणि दुसऱ्यात गायब होतात. एकाच जागी बसून हा अल्बम अर्धाच कळतो.

बाकी गिटारवर गज फिरवायचं वेड सिगुर रोसच्या यॉन्सीमुळे पसरलंय म्हणून एक सूचना. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, गिटारची जवळपास सपाट. त्यामुळे एकेकटी तार फक्त सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची मिळते, मधल्या चार गजाखाली एकत्रच येतात. नको त्या तारा डाव्या हाताने दाबून मुक्या करा, किंवा तारा अशा लावा की सगळ्या मिळून एकच स्वरसंगती निघेल. चेलोचा गज घ्या, राळ भरपूर लावा, आणि ती पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी भागावर) साचते म्हणून वाजवून झाल्यावर पुसा.

---

उंबरठा

खर्जवाल्यांचा पायरीचा मुद्दा पटला, क्रमाचा नाही. 'लाइक हेरोड'ची पायरी दचकवते ती ऐकणाऱ्याला चढणीची सवय असते म्हणूनच. मोडायला आधी काहीतरी अपेक्षा लागते.

आणि गॉडस्पीडला त्या यादीत सरसकट टाकणं अन्याय आहे. 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' (2000) मध्ये चार रचना आणि 87 मिनिटं आहेत. त्यात माणसांचं बोलणं आहे, बाहेर टिपलेले आवाज आहेत, व्हायोलिन-चेलो आहेत. चढण आहेच, पण ती कशातून निघते ते महत्त्वाचं. फक्त नवख्याला 87 मिनिटं एकदम देऊ नका. एका बैठकीत एक रचना, सुमारे वीस मिनिटं, पुरे.

---

डेसिबल

गॉडस्पीड निघालंच आहे तर सुरुवात त्यांच्या 'एफ शार्प ए शार्प इन्फिनिटी' अल्बमने करणाऱ्यांनी कुठली आवृत्ती हातात आहे ते बघा. 1997 ची तबकडी सुमारे 40 मिनिटांची, दोन बाजूंची. 1998 ची सीडी तासाच्या वर, तीन तुकड्यांची, आणि मांडणीही वेगळी. तबकडीच्या शेवटी बंद खाच आहे, सुई उचलेपर्यंत तोच आवाज फिरत राहतो, शीर्षकातलं अनंताचं चिन्ह त्यासाठीच. सीडीवर ते शक्यच नाही. त्यामुळे "मला शेवट आवडला" असं कुणी म्हणालं तर वाद घालण्याआधी कुठला शेवट ते विचारा.

---

खर्जवाला

उंबरठा, अपेक्षा मोडायला साधं रेडिओवरचं रॉक पुरतं, ती सवय प्रत्येकाच्या कानात आहेच. त्यासाठी मोनोचे चार अल्बम लागत नाहीत. गॉडस्पीड यादीतून काढलं, बाकी यादी तशीच.