अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अँटिऑक्सिडंट सरसकट द्यावेत का?

घणसोलीकर:
गेल्या पावसाळ्यात माझी भाची तिसाव्या आठवड्यात जन्मली. बाराव्या दिवशी तिचे पोट ताणले, नळीतून हिरवट पाणी येऊ लागले आणि एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले. डॉक्टरांनी एनईसी, म्हणजे आतड्याचा दाह होऊन ते सडू लागण्याचा आजार, असे निदान केले. दूध थांबवून प्रतिजैविके दिली आणि सुदैवाने शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. त्यानंतर मी बरेच वाचले. मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, निकामी करणारी शरीरातील अँटिऑक्सिडंट यंत्रणा गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बळकट होते. त्याआधीच जन्मून ऑक्सिजनवर ठेवलेल्या बाळाला मुक्त मूलकांचा मारा सोसवत नाही. उंदरांच्या पिल्लांमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधाने आतड्याची हानी कमी झालेली आहे. मग हे औषध, लॅक्टोफेरिन हे दुधातील प्रथिन आणि ई जीवनसत्त्व पेटीतल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवसापासून का देऊ नये?

पाचपाखाडी:
मी बालरोगतज्ज्ञ आहे. आपली कारणमीमांसा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. अमेरिकेत १९८३ च्या अखेरीस ई-फेरॉल हे शिरेतून द्यायचे ई जीवनसत्त्व पुरेशा चाचण्यांविना बाजारात आले आणि एप्रिल १९८४ मध्ये ते मागे घेईपर्यंत ३८ बालकांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. जीवनसत्त्व विरघळावे म्हणून त्यात मिसळलेल्या पॉलिसॉर्बेट या रसायनावरही संशय होता, हे मान्य. परंतु ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांच्या इतर अभ्यासांतही जंतुसंसर्ग आणि हाच आतड्याचा आजार वाढलेला आढळला. कारण उघड आहे: पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच मुक्त मूलकांनी. ती सगळी विझवली, तर बाळाने लढायचे कशाने?

लॅक्टोफेरिनचेही ऐका. ब्रिटनमधील एल्फिन चाचणीत ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सुमारे २,२०० बाळांना गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन किंवा निव्वळ साखर दिली गेली. २०१९ मध्ये निकाल आला: ना संसर्गात लक्षणीय फरक, ना एनईसीत.

घणसोलीकर:
ई जीवनसत्त्वाबाबत मी माघार घेतो. लॅक्टोफेरिनबाबत नाही. ती चाचणी मुख्यतः उशिरा होणारा संसर्ग मोजण्यासाठी आखलेली होती, एनईसी तिचा दुय्यम निकष होता. शिवाय लोह बांधून मूलके रोखणे हे लॅक्टोफेरिनच्या अनेक कामांपैकी केवळ एक. एका घटकाच्या अपयशावरून साऱ्या वर्गाला नापास करणे मला पटत नाही.

नेरूळची परिचारिका:
आपण दोघेही बाटलीतल्या औषधावर भांडत आहात, आणि आईच्या दुधाचा, ज्यात लॅक्टोफेरिन मुळातच असते, उल्लेखही नाही. लुकास आणि कोल या ब्रिटिश संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की केवळ पावडरच्या दुधावरील अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हा आजार केवळ आईच्या दुधावरील बाळांपेक्षा सहा ते दहा पट अधिक झाला. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्या शेजारीच, मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. आमच्याकडील एका आईला सुटी मिळाली, बाळ पेटीतच राहिले. ती ऐरोलीहून लोकलने बर्फाच्या डब्यात दूध आणायची. पहिल्या दिवशी अवघे चार मिलिलिटर चीक होते. ते सिरिंजमध्ये ओढताना माझाच हात थरथरला. डबा आणायला घरात दुसरे कोणी नसेल तेव्हा काय करायचे, यावर कोणी धागा काढत नाही.

घणसोलीकर:
ताई, दुधाचे मान्य. पण दूध मिळूनही भाचीला हे झालेच, आणि त्या रात्री मला कोणीही एन-ॲसिटिलसिस्टीनच्या चाचणीचा कागद दिला असता, तर मी बहिणीला सही करायला सांगितले असते.

पाचपाखाडी:
नोंदलेल्या चाचणीचा, आचारसमितीने मंजूर केलेला कागद असेल, तर मीही तेच सांगेन. माझा विरोध आपल्या पहिल्या प्रश्नातील ‘प्रत्येक बाळाला’ या दोन शब्दांना आहे.