ईटीपी६ स्फटिकांत झायलीन: टीजीएत १३ टक्के घट, जीसीत दोनच पीक

स्फटिकपावडर (प्रश्न)
परइथिलेटेड पिलर[६]अरीन (ईटीपी६, सहा तुकड्यांच्या कडीसारखा रेणू) वापरून झायलीनच्या मिश्रणातून पॅरा (सूत्र तेच पण मांडणी वेगळी अशा ऑर्थो, मेटा, पॅरा या तीन झायलीनांपैकी एक) वेगळे करायचे आहे. पावडर निर्वातात १४० अंशांवर रात्रभर तापवून रिकामी केली. ५ मिलीच्या उघड्या कुपीत २० मिग्रॅ पावडर घेतली, ती कुपी २० मिलीच्या बंद कुपीत ठेवली आणि मोठ्या कुपीच्या तळाशी ऑर्थो, मेटा, पॅरा समभाग मिश्रण १ मिली. २५ अंश, २४ तास. काढून लगेच टीजीए (तापवत वजन मोजणे) केला तर वजनात १३ टक्के घट. जीसीत (वायूच्या प्रवाहात घटक वेगळे करणारी तपासणी), नेहमीच्या ५ टक्के फिनाइलच्या कॉलमवर, एक मोठा पीक (आलेखातले टोक, ८९ टक्के) आणि एक छोटा. पॅराची निवडकता ८९ टक्के लिहायची का? आणि रिकाम्या पावडरीचे नायट्रोजनने मोजलेले पृष्ठफळ जवळजवळ शून्य येते. मग एवढे झायलीन मावते कुठे?

जाळीदार
शेवटच्या प्रश्नापासून घेतो. रिकाम्या ईटीपी६मध्ये सलग पोकळी नसतेच. रेणू एकमेकांत घट्ट बसलेले असतात, म्हणून ७७ केल्व्हिनला नायट्रोजन आत शिरत नाही. योग्य बाष्प मिळाले की संपूर्ण मांडणी बदलते, कडी मोकळी होते आणि प्रत्येक कडीत एक पॅराझायलीन बसते. म्हणून ही चाळणी समजू नका. पॅराचा व्यास साधारण ५.८ आणि मेटा-ऑर्थोचा ६.८ अँगस्ट्रॉम, तर पिलर[६]ची पोकळी सुमारे ६.७. नुसत्या मापावरून निकाल लागत नाही. कोणता रेणू आत असताना भरलेला स्फटिक जास्त स्थिर राहतो, त्यावर लागतो.

आता हिशोब. ईटीपी६चा रेणुभार १०६९, झायलीनचा १०६. एकास एक भरले तर टीजीएतली घट १०६ भागिले ११७५, म्हणजे ९ टक्के. (रिकाम्या पावडरीच्या वजनावर काढली तर ९.९. दोन्ही आकडे सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात.) तुमचे वरचे ४ टक्के कडीतले नाहीत. दाण्यांवर चिकटलेला थर असेल, नाहीतर आधीचा द्रावक राहिला असेल. मोजण्यापूर्वी पावडर ४० अंशांवर थोडा वेळ उघडी ठेवा, पृष्ठभागावरचे उडून जाते. टीजीएच्या आलेखात ते वेगळी पायरी म्हणून दिसायलाही हवे: थर आधी जातो, कडीतले उशिरा.

वॅक्सकॉलम
८९ टक्के अजिबात लिहू नका. त्या कॉलमवर मेटा आणि पॅरा एकाच पीकमध्ये येतात, उत्कलनबिंदू १३९.१ आणि १३८.४ आहेत. तुमचा छोटा पीक ऑर्थो (१४४.४), मोठा पीक दोघांचा मिळून. म्हणजे ऑर्थो ११ टक्के एवढेच सिद्ध झाले. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा वॅक्स कॉलम लावा. त्यावर आधी पॅरा, मग मेटा, शेवटी ऑर्थो असे सुटे येतात.

एनएमआरने (रेणूतले हायड्रोजन मोजणारी चुंबकीय तपासणी) पॅरा-मेटाचे हे प्रमाण निघणार नाही. डय़ुटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये पॅरा आणि मेटाच्या मिथाइलचे पीक २.३ पीपीएमच्या आसपास अंगाला अंग लावून बसतात. मात्र एकूण किती भरले हे त्यातूनच उत्तम कळते: होस्टचे (झायलीन आत घेणाऱ्या ईटीपी६चे) ६.७जवळचे १२ हायड्रोजन आणि झायलीनचे मिथाइलचे ६ यांची तुलना करा. एकास एक असेल तर क्षेत्रफळ २:१. ॲसिटोनमधून स्फटिक केले असतील तर २.१७ला त्याचा टोकदार पीक शोधा, तो झायलीनच्या शेजारीच येतो आणि इंटिग्रेशनमध्ये नकळत मोजला जातो. त्यासाठी रिकाम्या पावडरीचाही एनएमआर घ्या. डायक्लोरोमिथेन असेल तर ५.३०ला दिसेल.

जीसीत होस्टचे द्रावण थेट टोचू नका, तो उडत नाही आणि लायनरमध्ये (टोचण्याच्या जागेतल्या काचनळीत) साचतो. हेडस्पेस (बंद कुपीतले फक्त बाष्प जीसीत सोडणे) वापरताना पावडर पूर्ण रिकामी होईपर्यंत तापवा. अर्धवट सुटले तर सैल बसलेलेच आधी बाहेर येते आणि पॅरा कमी दिसते. सुटले की नाही, हे उरलेल्या पावडरीचा एनएमआर सांगतो.

बाष्पदाब
आणखी एक. पावडरीला भेटते ते बाष्प, द्रव नाही. २५ अंशांवर पॅरा, मेटा, ऑर्थोचे बाष्पदाब साधारण ८.९, ८.३, ६.६ मिमी पारा. समभाग द्रवावरचे बाष्प ३७:३५:२८च्या आसपास येते. निवडकता याच्याशी तुलना करून काढा, नाहीतर ऑर्थो नाकारल्याचे थोडे श्रेय फुकट मिळते.

प्रकाशित कामात (२०१८) ईटीपी६ने पॅरा सुमारे ९० टक्के निवडले आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपास आला म्हणून समाधान मानू नका. एकूण पकडही ९ टक्क्यांवर बसली पाहिजे.

स्फटिकपावडर
वॅक्स कॉलम मिळवतो. पण २, ४, ८ तासांना एक्स-रे पावडर पॅटर्न (स्फटिकातली मांडणी दाखवणारा आलेख) घेतला तर जुने आणि नवे दोन्ही पीक एकत्र दिसतात. पावडर बिघडली का?

जाळीदार
नाही, रूपांतर चालू आहे. अशा स्फटिकांत सुरुवातीला काहीच होत नाही, मग वेग येतो, मग सपाट. मधल्या टप्प्यात मिश्र पॅटर्न येणारच. जुने पीक पूर्ण गेल्यावरच अंतिम मोजमाप धरा. रिकामे केल्यावरही पॅटर्न घ्या. दुसरी मांडणी उरली असेल तर पुढच्या फेरीत वेग बदलू शकतो.

कॉलम भरायचा विचार असेल तर सावध. मांडणी बदलताना मोठे स्फटिक तडकतात, बारीक भुकटी होते आणि वायूचा रस्ता बंद होतो. उद्योगात पॅराझायलीनसाठी फॉजासाइट झिओलाइटचे (सच्छिद्र खनिजाचे) स्थिर सांगाडे वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे: ते फुगत नाहीत.

यूरियावाला
हात बसवायला स्वस्त नमुना हवा असेल तर यूरिया घ्या. साधा यूरिया चौकोनी प्रणालीचा, आत जागा नाही. सरळ साखळीचा अल्केन मिळाला की षट्कोनी नलिका तयार होतात, व्यास साधारण ५.५ अँगस्ट्रॉम. गेस्ट (आत बसलेला रेणू) काढला की रचना कोसळून परत चौकोनी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बेंगेनने १९४०मध्ये हे शोधले.

२ ग्रॅम हेक्साडेकेन (सरळ साखळीचे), २ ग्रॅम आयसोऑक्टेन (फांद्यांचे), १० ग्रॅम यूरिया, कोमट मिथेनॉल ५०–६० मिली, धुराच्या कपाटात, जवळ ज्योत नको. हळूहळू थंड करा, लांब सुया पडतात. १ ग्रॅम हेक्साडेकेनला सुमारे ३.२ ग्रॅम यूरिया लागतो. गाळून थोड्या थंड आयसोऑक्टेनने धुवा, मिथेनॉलने नको, त्यात यूरियाच विरघळतो. सुया कोमट पाण्यात टाकल्या की यूरिया विरघळतो आणि हेक्साडेकेन वर तेलासारखे तरंगते. पाणी १८ अंशांखाली असेल तर मात्र ते गोठून पांढरा चुरा दिसेल आणि यूरिया उरला असे वाटेल. आयसोऑक्टेन फांद्यांमुळे नलिकेत शिरत नाही.