दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम: मार्ग, व्हिसा आणि शाकाहार

कृष्णाकाठ

नमस्कार. २०२६ च्या दिवाळीत, ८ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज आटोपल्यावर, नऊ-दहा दिवस व्हिएतनामला जाण्याचा आमचा विचार आहे. मी, यजमान, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे चौघे जण आहोत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, कांदा-लसूणही खात नाहीत, आणि गुडघेदुखीमुळे त्यांना फार पायऱ्या चढवत नाहीत. एका सहल कंपनीने हनोई, हा लाँगचा उपसागर, ह्यू, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश असा कार्यक्रम पाठवला आहे. एवढे सगळे या दिवसांत नीट पाहून होईल का? व्हिसा आणि जेवण यांबाबतही जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सह्यभ्रमंती

ताई, दिवसांच्या आधी हवामानाचा विचार करावा, कारण उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेल्या या देशात एकाच आठवड्यात तीन वेगवेगळे ऋतू असू शकतात. नोव्हेंबरमध्ये हनोई आणि आसपासचा उत्तर भाग कोरडा व सुखद असतो. दक्षिणेत मे महिन्यापासून सुरू असलेला पाऊस त्या सुमारास ओसरू लागतो. ह्यू, दा नांग आणि होई आन या मधल्या पट्ट्यात मात्र सप्टेंबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा असून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो ऐन भरात असतो. आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून कोकणात कोसळतात, तसे तिकडे समुद्रावरून येणारे ईशान्य वारे ट्रुओंग सोन पर्वतरांगेला अडतात. याच काळात त्या किनाऱ्यावर वादळेही येतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दिवाळीच्या सहलीतून मधला पट्टा सरळ वगळावा. पाच दिवस उत्तरेत द्यावेत, मग हनोईहून सुमारे दोन तासांच्या विमानप्रवासाने हो ची मिन्ह सिटी गाठून उरलेले दिवस तिथे व मेकाँगच्या काठी घालवावेत. उत्तरेत हा लाँगइतकेच महत्त्व निन्ह बिन्हला द्यावे. हनोईपासून साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या या भागातील चांग आन हे २०१४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे वल्ह्याच्या होडीत बसून चुनखडीच्या डोंगरांमधून आणि गुहांमधून फिरता येते. होडीत चढ-उतार करताना हात धरावा लागेल आणि गुहेचे छत खाली आले की वाकावे लागेल. वाटेतल्या देवळांपाशी उतरणे सासूबाईंना नको असेल, तर कमी थांब्यांचा मार्ग विचारून घ्यावा. जवळच्या हांग मुआ येथील डोंगराच्या सुमारे पाचशे पायऱ्या मात्र तुम्ही तिघांनीच चढाव्यात.

गोदाकिनारा

सह्यभ्रमंती यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण होई आन इतक्या सहज वगळावे असे वाटत नाही. नोव्हेंबरमध्येही मधूनमधून उघडीप मिळते, गर्दी कमी असते आणि हॉटेलांचे दर उतरलेले असतात. शिवाय ह्यू ते दा नांग हा हाय व्हान घाटाखालून, समुद्राला चिकटून जाणारा रेल्वेप्रवास सुमारे तीन तासांचा आहे आणि ढगाळ हवेत तो अधिकच देखणा दिसतो. मुलीला तो नक्की आवडेल.

सह्यभ्रमंती

दोघेच तरुण जात असते, तर मीही हेच म्हटले असते. परंतु होई आनची जुनी वस्ती थू बोन नदीच्या अगदी काठावर, सखल जागी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुरामुळे तिथल्या रस्त्यांवरून होड्या फिरत होत्या. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला घेऊन, आगाऊ पैसे भरून, उघडीप मिळेल या आशेवर जाणे मला योग्य वाटत नाही. होई आन मनात भरलेच असेल, तर मे महिन्याची सुट्टी बरी; ऊन कडक असते, पण समुद्र शांत असतो.

शिरस्तेदार

व्हिसाबद्दल लिहितो. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत असते. एकदा प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर असून अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी बरीच स्थळे दलालांची असतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. पासपोर्टावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, ते अर्जात गाळले जाते आणि विमानतळावर अडवणूक होते. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक मुळाबरहुकूम, अक्षर न् अक्षर तपासावा. उत्तर प्रत्यक्षात लांबू शकते, म्हणून निदान तीन आठवडे आधी अर्ज करावा आणि छापील प्रत जवळ ठेवावी.

पैशांचे म्हणाल, तर डॉलर नेऊन तिथे डोंग घ्यावेत. एका रुपयाला ढोबळमानाने तीनशे डोंग धरावेत. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असतात, त्यामुळे टॅक्सीत अंधारात पैसे देताना शून्ये मोजावीत. शक्यतो ग्रॅबसारख्या ॲपवरूनच गाडी बोलवावी, म्हणजे भाडे आधीच कळते.

पाटवरवंटा

सासूबाईंच्या जेवणाची काळजी वाटते तेवढी नाही. व्हिएतनाममधील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, शाकाहार पाळतात. त्यामुळे शहरांत शाकाहारी खाणावळी सापडतात आणि त्यांच्या पाटीवर ‘चाय’ असे लिहिलेले असते. परंपरेने या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असते, तरी विचारून घ्यावे. एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा: सोयाबीनपासून हुबेहूब मासळी किंवा कोंबडीसारखे दिसणारे पदार्थ तिथे आवडीने करतात. ताटात ते पाहून त्या उठून जायच्या.

साध्या उपाहारगृहात मात्र भाजीतही माशांचा रस, ज्याला ते नुओक माम म्हणतात, सर्रास घालतात आणि फो या नूडल्सच्या पदार्थाचा रस्सा गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. वरून मांस काढून टाकल्याने तो शाकाहारी होत नाही. ‘मांस, मासे, माशांचा रस, अंडी, कांदा, लसूण नको’ असे वाक्य व्हिएतनामी भाषेत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मधला पट्टा वगळण्याचे नक्की केले. हा लाँगला बोटीवर रात्रीचा मुक्काम सासूबाईंना झेपेल का?

सह्यभ्रमंती

मुक्काम झेपेल. मोठ्या बोटीपर्यंत बरेचदा लहान होडीने न्यावे लागते, तेवढी चढ-उतार जपून करावी. तिथल्या सुंग सोट गुहेला बऱ्याच पायऱ्या आहेत. त्या वेळी त्यांनी डेकवरच बसावे. आरक्षण करताना खालच्या मजल्यावरची खोली मागावी, शाकाहारी जेवणाची लेखी खात्री घ्यावी, आणि हवामानामुळे प्रशासनाने बोटी थांबवल्या तर पूर्ण पैसे परत मिळतील का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.