सिकलसेल आणि दादाची सोयरीक: रविवारच्या आत मदत हवी आहे

मोगरी: रविवारी दादासाठी मुलीकडचे येऊन राहिले. आई म्हणते, तेवढे दिवस तू मावशीकडे जा, तुझं कळलं तर सोयरीक मोडेल. माझी दवाखान्याची फाईल तांदळाच्या कोठीत लपवलीय. आजी येता-जाता ऐकवते, हा रक्ताचा रोग आईच्या माहेरचा. घरी न कळता दादाची तपासणी कुठे होईल? लवकर सांगा.

झाडीपट्टीकर: 'तुझं' म्हणजे काय? वाहक (एएस, एकच सदोष जनुक) की रुग्ण (एसएस, दोन्ही सदोष)? गाव?

मोगरी: एसएस. सिकलसेल म्हटलं की कळतंच ना! हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू आहेत. चंद्रपूर जिल्हा.

जवसकाका: बीट, गूळ, लोखंडी कढईतली भाजी. आमच्या पुतणीचं हिमोग्लोबिन झरझर वाढलं.

सिस्टरबाई: काका, हा लोह कमी पडल्याचा आजार नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात उलट लोह साचतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत.
मोगरी, एसएस म्हणजे एक जनुक आईकडून, एक बाबांकडून. आजीला सांग, तिच्या लेकाचाही वाटा आहे. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पण सोल्युबिलिटी ही पहिली साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नका. वाहक की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनेच कळतं.

झाडीपट्टीकर: आणि दादाच्या नकळत त्याचं रक्त कसं काढणार?

मोगरी: नकळत कोण म्हणालं? दादा तयार आहे. आई नको म्हणते.

वर्धेचा_वारा: हे आधी सांगायचं ना बाई! तो सज्ञान आहे, उद्याच जाऊ दे. मुलीचीही करायला सांगा. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. मी तर म्हणतो, मुलीकडच्यांना पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाका.

सिस्टरबाई: दादाने स्वतःचा रिपोर्ट सांगावा. हिची फाईल चारचौघांत मांडायची की नाही ते हीच ठरवेल.

वर्धेचा_वारा: म्हणजे लपवायचं? मग तिची आई काय वेगळं करतेय?

सिस्टरबाई: आई हिला घराबाहेर काढतेय, एवढा फरक पुरे. मोगरी, जावंच लागलं तर गोळ्या जवळ ठेव, पाणी भरपूर पी, थंडीत स्वेटर. छातीत दुखलं किंवा ताप आला तर रविवार बघत बसू नको, सरळ दवाखाना.

मोगरी: दादाला वाचून दाखवलं. उद्या सकाळी जातो म्हणाला. मी मावशीकडे जाणार नाही, आईला तोच सांगणार आहे.

जवसकाका: सिकलसेलवाल्यांना एसटीत सवलत असते ना? पुतणीसाठी विचारतोय.

झाडीपट्टीकर: काका, तिला नक्की काय आहे?