कार्यानुभवात 'अ' श्रेणी नक्की कोणाला, पोट्ट्याले की मायबापाले?

महालचा मामा :
काल इथं एका ताईंनी लिहिलं, "कार्यानुभव बंदच करा, सगळं आईलाच करावं लागतं, अभ्यास बुडतो." वाचून डोकं फिरलं. तुम्हाला करायला सांगितलं कोणी? माझ्या भाचीनं बांबूची टोपली स्वतः विणली. बूड डुगडुगणारं, म्हणून 'ब'. शेजारच्या पोट्ट्यानं इतवारीतून विकत आणली, त्याला 'अ'. कामटी ओली असली की वाकते, सुकली की कडकन मोडते, हे भाची घडाघडा सांगते. पण तिला विचारलंच नाही कोणी.

दोन पोरांची आई :
ती ताई मीच. भाषण सोपं आहे, मामा. चाचणीच्या आदल्या दिवशी आकाशकंदील मागतात. मुलीनं घोटीव कागद वाकडा कापला तर बाई वर्गासमोर नाक मुरडतात. मग मीच कापते, आणि कापणारच.

खडू-डस्टर :
तीस वर्षं शिकवलं, आता बोलू द्या. वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातही निम्मे तास गणितवाले घेऊन जातात. धावदोरा कोणी घातला हे बघायचं कधी? समोर आलेली वस्तू बघतो, श्रेणी लिहितो. चित्रकलेला पालक क्लास लावतात, कारण इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला 'अ' आली की दहावीत 7 गुण वाढतात. शिवणाचे गुण वाढवा, मग बघा.

महालचा मामा :
म्हणजे शिवणाचेही क्लास निघतील! आपल्या नागपूरहून वर्धा 75 किलोमीटरवर. तिथं गांधीजींच्या 1937 च्या शिक्षण परिषदेत हातकामातूनच शिक्षण द्यायचं ठरलं होतं, अन् आपण कंदील विकत आणून राहिलो.

खडू-डस्टर :
पूर्ण सांगा. तिथं टकळीवर सूत कातणं हा वेगळा तास नव्हता, त्यातूनच हिशेब, भूगोल शिकवायचा होता. आणि पोरांनी केलेला माल विकून मास्तरांचा पगार काढायचा, हाही विचार होता. तो कोणी सांगत नाही.

बोजारा :
शाळेचं सोडा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोट्ट्यांचा तान्हा पोळा बघा ना! बैल लाकडाचा, सजावट बापाची, बक्षीस पोट्ट्याले. आमच्या चौकात तर बैल पोट्ट्यापेक्षा उंच, तीन माणसं ढकलून राहिली.

महालचा मामा :
त्याचा इथं काय संबंध बे?

बोजारा :
हाच तर संबंध! आमच्या वेळी झूल मायच्या जुन्या लुगड्याची, टाके आमचे. आता भाड्यानं बैल आणतात.

दोन पोरांची आई :
भाड्यानं आणला तर बिघडलं काय? सगळ्यांच्या घरी सुतार नसतो.

बोजारा :
मग बक्षीस दुकानदाराले द्या.

गोळीबार चौक :
बैल बाजूला ठेवा. आमच्या घरी हातमाग होता. तुटलेला धागा सांधायला मला आजीनं शिकवलं, गाठ दिसली की पुन्हा सोडायला लावायची. शाळेत मात्र कागदाच्या पट्ट्यांची चटई विणून घेतली, अन् पोरं मला 'कोष्टी' म्हणून चिडवत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस कारागिरांकडे जायचं लिहिलंय. घेऊन या माझ्याकडे.

दोन पोरांची आई :
बरं. कंदील वर्गातच करून घ्या, वाकडा झाला तरी नाक मुरडू नका, मी हात लावणार नाही. पण चाचणीच्या आठवड्यात नको.

खडू-डस्टर :
उपकार झाले. आता गणितवाल्यांकडून तास तुम्हीच परत मागून आणा.